लष्करातले पोलीस

ग्वाल्हेरात रात्री गोळीचा आवाज आला तर आम्ही आधी पंचांग आठवतो. लग्नतिथी असेल तर कुणाची तरी वरात दारात पोचली असं समजायचं आणि कूस बदलायची. तिथी नसेल तर गच्चीवर जाऊन बघायचं. पुण्या-नागपूरहून आलेल्या पाहुण्यांना हे गंमत म्हणून सांगतो, पण त्यात पदरचं फार थोडं आहे. ग्वाल्हेर-भिंड-मुरैना या पट्ट्यात खांद्याला दुनाली लावून माणसं बाजारात येतात, लग्नाला येतात, तेराव्यालाही येतात. 2008 साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात प्रशासनाने नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीचा परवाना लवकर देण्याची टूम काढली होती, आणि लोक खरोखर पुढे आले. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानेवाले आपापल्या बंदुका ठाण्यात जमा करायला रांगा लावतात.

तेव्हा पोलिसाच्या हातात बंदूक दिसली म्हणून अस्वस्थ होणारा मी नव्हे. इथल्या पोलिसाला नुसती काठी घेऊन फिर म्हणणं म्हणजे त्याच्या बायकामुलांशी वैर धरणं. मला खटकतं ते वेगळंच आहे.

गणपतीच्या आधी महाराज बाड्यावरून फ्लॅग मार्च निघतो. पुढे सायरनची गाडी, मागे दंगलीसाठीची जाळीदार वज्र गाडी, मग हेल्मेटं, ढाली, छातीला आणि गुडघ्यांना काळी कवचं बांधलेल्या तुकड्या, काहींच्या अंगावर जंगलातल्यासारखे चट्ट्यापट्ट्यांचे कपडे. (सराफ्यात किंवा नव्या सडकेवर झाडी नाही, तेव्हा हे रंग कशात मिसळून जाण्यासाठी असतात हे मला अजून कळलेलं नाही.) पोरं रील काढतात. दुकानदार हात जोडतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतं की नागरिकांमध्ये सुरक्षेची भावना निर्माण झाली. त्या नागरिकांतला एक मी, कडेला उभा असतो. माझ्या मनात येतं ते एवढंच, की आपल्या गल्लीबद्दल साहेबांना असं काहीतरी कळलेलं दिसतंय जे आपल्याला ठाऊक नाही.

लष्कर या ग्वाल्हेरच्या जुन्या भागातल्या एका गणेश मंडळाचा कारभार बरीच वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून सणांआधी ठाण्यात शांति समितीच्या बैठकीला जावं लागतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, समोसे, टीआय साहेबांचं भाषण. आमच्याकडे ठाण्याच्या मुख्याला टीआय म्हणतात. गणेश मंडळवाले, मोहरमचे ताजियावाले, दुर्गा मंडळवाले, डीजेवाले सगळे एकाच खोलीत. ग्वाल्हेरात शिंदे सरकारांचा स्वतःचा ताजिया निघत आलाय, त्यामुळे कुणाची मिरवणूक कुणाची, याचा हिशेब इथे बाहेरच्या माणसाला पटकन लागत नाही. या बैठकीत पूर्वी भांडणं व्हायची. अमक्या वळणावर तार खाली लोंबते, तमक्या दुकानदाराने ओटा पुढे काढलाय, फलाण्याचा मुलगा दारू पिऊन मुद्दाम तिथेच नाचतो. टीआय ऐकायचे, मुंशी लिहून घ्यायचा. आता पडद्यावर नकाशा दाखवतात: संवेदनशील ठिकाणं लाल, अतिसंवेदनशील गडद लाल. आमची गल्ली कुठल्या रंगात आहे हे बघितलं जातं आणि बैठक संपते. तारेचा विषय निघतच नाही.

हे मी कुठल्या एका अधिकाऱ्यावर ढकलत नाही. पण इथल्या मातीत या प्रश्नाची मुळं फार खोल आहेत, आणि ती चंबळच्या बेहडांत, म्हणजे नदीकाठच्या घळींत, जातात.

1958 साली के. एफ. रुस्तमजी मध्य प्रदेशाचे पोलीसप्रमुख झाले. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेला हा पारशी माणूस त्याआधी सहा वर्षं नेहरूंच्या सुरक्षेचा प्रमुख होता. चंबळमध्ये तेव्हा टोळ्यांचं राज्य होतं. रुस्तमजींनी सशस्त्र तुकड्या बेहडांत उतरवल्या आणि एकेक टोळी मोडत आणली. खरा गब्बरसिंग, लोकांची नाकं कापणारा, 1959 च्या नोव्हेंबरात नेहरूंच्या वाढदिवसाच्या तोंडावर भिंड जिल्ह्यात मारला गेला. त्या काळच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं मी लहानपणी शहरातल्या कंपू भागात एसएएफच्या, म्हणजे राज्याच्या सशस्त्र पोलिसांच्या, मैदानाच्या भिंतीवर बसून ऐकली आहेत. गोळीबाराच्या वर्णनात त्यांचं मन फारसं रमायचं नाही. जास्त बोलायचे ते मुखबिराविषयी, म्हणजे खबऱ्याविषयी: कुणी बातमी दिली, का दिली, बातमी देणाऱ्याला पोलिसांनी नंतर सांभाळलं की वाऱ्यावर सोडलं. बेहडांत पाचशे रायफली नेल्या तरी आज रात्री टोळी कुठल्या नाल्यात आहे हे कुणीतरी सांगावंच लागतं, आणि सांगणाऱ्याच्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस नसतात, टोळीचे भाऊबंद असतात. तरीही जो सांगायचा, त्याचा भरवसा एखाद्या अमक्या हवालदारावर असायचा. तुकडीवर बसायचा नाही.

1960 च्या मे महिन्यात विनोबा पायी चंबळमध्ये शिरले. डाकू मानसिंगचा मुलगा तहसीलदारसिंग नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट बघत होता, त्याने चिठ्ठी लिहून बोलावलं होतं. विनोबांच्या बरोबर बेहडांत हिंडत होते मेजर जनरल यदुनाथसिंह, म्हणजे सेनेतला निवृत्त अधिकारी, आणि तो निःशस्त्र. वीसेक जणांनी बंदुका ठेवल्या. रुस्तमजींना हे पटलं नव्हतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. आमची माणसं मेली, आता यांच्या गळ्यात हार घालायचे का, असा त्यांचा रोख होता. मला त्यांचं म्हणणं चूक वाटत नाही. पण बारा वर्षांनी, 1972 च्या एप्रिलमध्ये, जौऱ्याला जयप्रकाशांसमोर मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या टोळ्या आल्या तेव्हा काय ठरलं होतं बघा. पगारा धरणाच्या परिसरात पोलिसांनी पाऊल टाकायचं नाही, हे सरकारने आधी मान्य केलं, मगच ती माणसं उजेडात आली. शस्त्रं ठेवली ती गांधींच्या तसबिरीपुढे. फूलनदेवी 12 फेब्रुवारी 1983 ला भिंडला आली तीही गांधी आणि दुर्गेच्या तसबिरींपुढे बंदूक ठेवायला, मुख्यमंत्री अर्जुनसिंहांच्या समोर. उत्तर प्रदेशच्या पोलिसांच्या हाती पडण्याची तिची तयारीच नव्हती. तिच्याशी बोलणी करणारे भिंडचे एसपी राजेंद्र चतुर्वेदी मात्र पोलीसच होते, आणि तिला भेटायला ते फौजफाटा घेऊन गेले नव्हते.

डाकूंचं कौतुक करायचं म्हणून हे सांगत नाही. आमच्याकडे तो रोग पुरेसा आहे. पंचवीस वर्षं सशस्त्र पोलीस बेहडांत वावरले, त्यांनी मोठी कामगिरी केली, माणसं गमावली, आणि शेवटच्या घटकेला बंदूक खाली ठेवायची वेळ आली तेव्हा ती ठेवायला पोलीस सोडून कुणीही चालत होतं. हे यश की अपयश, मला एका शब्दात ठरवता येत नाही.

रुस्तमजी पुढे 1965 साली सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झाले. त्या दलाची अकादमी आमच्या दाराशी, झाशी रस्त्यावर टेकनपूरला. तिथेच 1976 पासून अश्रुधुराचं युनिट आहे आणि देशभरातल्या पोलिसांना नळकांड्या तिथून जातात. काश्मीर असो, दिल्ली असो, लोकांच्या डोळ्यांत जाणारा धूर ग्वाल्हेरपासून तासाभराच्या अंतरावर भरला जातो. ड्रोनवरून नळकांडी टाकायची सोयही या युनिटने तयार केली. 2024 च्या फेब्रुवारीत शंभू सीमेवर हरियाणाच्या पोलिसांनी शेतकऱ्यांवर ड्रोनमधून अश्रुधूर सोडला तो आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. लाठी चालवणाऱ्या पोलिसाला समोरच्याचा चेहरा तरी दिसायचा. वरून नळकांडी टाकणाऱ्याला डोकी दिसतात.

आणि याच रुस्तमजींबद्दल आणखी एक गोष्ट, जी आमच्याकडे फार थोड्यांना माहीत असते. सत्तरीच्या दशकाअखेर ते राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य होते. बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षं सडणाऱ्या कच्च्या कैद्यांबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं, आणि त्या लेखांवरून हुसैनारा खातूनची प्रसिद्ध याचिका 1979 साली सर्वोच्च न्यायालयात उभी राहिली. हजारो कैदी सुटले. चंबळमध्ये तुकड्या उतरवणाऱ्या माणसाने हे लिहिलं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आता अमेरिकेविषयी थोडं. माझी भाची मिसुरी राज्यात राहते. 2014 च्या ऑगस्टमध्ये तिच्यापासून जवळच, फर्ग्युसन नावाच्या लहानशा गावात मायकेल ब्राउन या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने गोळी घातली आणि लोक रस्त्यावर उतरले. समोर जे पोलीस उभे राहिले ते इराकहून आल्यासारखे दिसत होते. चिलखती गाडीच्या टपावर बसून एक जण लोकांवर रायफल रोखून होता. भाचीने फोनवर विचारलं, मामा, तुमच्याकडे असं असतं का? मी म्हटलं, आमच्याकडे असलं काही आलं तर ते दिल्लीहून येतं, गावचा ठाणेदार ते विकत घेत नाही. अमेरिकेत मात्र गावचा पोलीसप्रमुखच मागणी नोंदवतो. नव्वदीच्या दशकात झालेल्या एका कायद्याच्या 1033 क्रमांकाच्या कलमाखाली तिथलं संरक्षण खातं आपलं जास्तीचं सामान गावोगावच्या पोलिसांना फुकट देतं. त्यात फायलींची कपाटंही असतात आणि सुरुंगरोधक गाड्याही. ओबामांनी 2015 मध्ये त्यातल्या काही गोष्टींवर बंदी आणली, ट्रम्पनी 2017 मध्ये ती उठवली, बायडननी 2022 मध्ये पुन्हा आवळली.

प्रिन्स्टन विद्यापीठाच्या जोनाथन मुमोलो या अभ्यासकाने 2018 मध्ये हे मोजून बघितलं. असल्या लष्करी थाटाच्या तुकड्यांमुळे गुन्हे कमी झाल्याचं किंवा पोलीस जास्त सुरक्षित झाल्याचं त्याला आढळलं नाही. मेरीलँड राज्यात त्या तुकड्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत जास्त पाठवल्या जात होत्या. आणि लोकांना बातमीबरोबर चिलखतातल्या पोलिसांचं चित्र दाखवलं तर त्यांचं पोलिसांविषयीचं मत खाली येत होतं. नुसतं चित्र! आमच्या फ्लॅग मार्चचे फोटो छापणाऱ्या संपादकांना हा निबंध कुणीतरी पाठवायला हवा.

पण त्यांचं आणि आपलं दुखणं एक नाही. त्यांचे पोलीस आधी गावचे होते, मग फौजी झाले. आपले जन्मतःच फौजी. रॉबर्ट पील यांनी 1829 मध्ये लंडनचं पोलीस दल उभं केलं तेव्हा त्यांना मुद्दाम निळा कोट दिला, कारण लाल कोट सैन्याचा, आणि लोकांना सैन्य रस्त्यावर नको होतं. हातात लाकडी दंडुका. याच पील यांनी त्याआधी आयर्लंडचा कारभार बघताना 1814 मध्ये तिथे वेगळ्याच प्रकारच्या पोलिसांची सुरुवात केली होती. त्यातून पुढे जे आयरिश दल वाढलं ते बराकीत राहणारं, बंदूक बाळगणारं, वरच्या हुकमावर चालणारं. इंग्रजांनी हिंदुस्थानासाठी उचलला तो हा आयरिश नमुना. सत्तावनचा धसका ताजा होता. आमच्या मुरारच्या छावणीतली ग्वाल्हेर कंटिंजंट ही फौज उलटली होती, झाशीची राणी इथेच पडली होती. चार वर्षांत, 1861 साली पोलीस कायदा आला. संस्थानात आमची घडी वेगळी होती, पण विलीनीकरणानंतर तो वारसा आमच्याही वाट्याला आला. ज्या लोकांवर नजर ठेवायची त्यांच्यातच न मिसळणं हा त्या रचनेतला दोष नव्हता, तेच तिचं काम होतं.

यावर माझे मित्र लगेच तुकाराम ओंबळ्यांचं नाव घेतात. बरोबर आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री साताऱ्याकडच्या केडंबे गावचा हा सहायक फौजदार हातात काठी घेऊन कसाबच्या एके-47 समोर गेला, नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या. कसाब जिवंत सापडला तो त्यामुळे. ओंबळ्यांच्या हातात त्या रात्री चांगलं शस्त्र आणि अंगावर जाकीट हवं होतं, यावर वाद घालणाऱ्या माणसाशी मला बोलायचं नाही. त्यानंतर महाराष्ट्राने फोर्स वन उभी केली ती योग्यच. पण तसल्या रात्रीसाठी वेगळी तुकडी ठेवणं आणि ठाण्यातल्या रोजच्या माणसाला रोजच त्या रात्रीसारखा वेष चढवणं, या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या गेल्या आहेत. ओंबळ्यांची आठवण काढून विसर्जन मिरवणुकीच्या बंदोबस्ताची खरेदी होते.

लोकनीती-सीएसडीएस आणि कॉमन कॉज यांचा 2018 चा अहवाल आहे. पोलिसांवर भरपूर विश्वास आहे म्हणणारे पंचवीस टक्क्यांहूनही कमी, सैन्यावर तसा विश्वास असणारे 54 टक्के. हा आकडा वाचून कुणालाही वाटेल, मग पोलिसांना सैन्यासारखं करा! मला नेमकं उलट वाटतं. सैन्याकडे आपल्याला कधी तक्रार नोंदवायला जावं लागत नाही. सैन्य आपली मोटारसायकल अडवत नाही, आपल्या पासपोर्टसाठी घरी येऊन चहापाण्याचं विचारत नाही, रात्री दोन वाजता पळून गेलेल्या मुलीचा फोटो आपल्याकडून घेत नाही. पोलिसांवरचा विश्वास या असल्या क्षुल्लक भेटींत ठरतो, आणि त्या भेटींसाठी माणसं कमी आहेत. 2020 च्या सुरुवातीला देशात लाखामागे मंजूर पोलीस 195, प्रत्यक्षात 155 च्या आसपास. त्यातले सशस्त्र बटालियनचे वजा करा, व्हीआयपी बंदोबस्ताचे वजा करा, साहेबांच्या बंगल्यावरचे वजा करा.

जुन्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. आमच्या वाड्यात एक हवालदार भाड्याने राहत. मुलांना परेड शिकवायचे, नळावरची भांडणं मिटवायचे, आणि एका पोराला सायकलचोरीच्या नुसत्या संशयावरून अंगणात असा मारला होता की त्याचा हात कायमचा वाकडा राहिला. त्यांच्या अंगात चिलखत नव्हतं, बनियन होतं. तेव्हा वेष बदलला की क्रौर्य जाईल असं मी म्हणत नाही. फरक एवढाच, की त्या पोराच्या आईने दुसऱ्या दिवशी हवालदारांचं दार वाजवून त्यांना साऱ्या वाड्यादेखत शिव्या घातल्या, आणि ते खाली मान घालून उभे राहिले. हेल्मेटच्या काचेमागे कोण आहे हेच जिला कळत नाही ती कुणाचं दार वाजवणार?

अॅट्रॉसिटी कायद्यावरच्या निकालाविरुद्ध दलित संघटनांनी पुकारलेला 2 एप्रिल 2018 चा भारत बंद ग्वाल्हेरकर विसरलेले नाहीत. ग्वाल्हेर, भिंड, मुरैन्यात गोळ्यांनी माणसं मेली, कर्फ्यू लागला, इंटरनेट बंद झालं. साध्या कपड्यातला एक जण पिस्तूल चालवताना व्हिडिओत दिसला. त्या दिवसानंतर ठाण्यांना आणखी सामान मिळावं असं कुणी म्हणालं तर ते समजण्यासारखं आहे. पण आदल्या संध्याकाळी थाटीपूरच्या वस्त्यांत काय शिजतंय, कुठल्या गच्चीवर कोण काय जमवतंय, हे त्या वस्त्यांतल्या कुणीतरी कुणाला तरी सांगावं अशी जागा होती का? मुखबिराची चंबळमधली गोष्ट मला तिथे आठवते. आणि 2022 च्या जूनमध्ये सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेवरून बिरलानगर स्टेशनात तोडफोड करणारी पोरं तर उद्याचे सैनिक व्हायला निघालेली होती. पहाटे मेळा मैदानात धावताना ती मला रोज दिसतात. दोन्ही बाजूंना एकाच गावची, एकाच वयाची मुलं; एकाला भरती मिळाली, एकाला नाही.

इंदूर-भोपाळला 2021 च्या डिसेंबरात पोलीस कमिशनर आले, ग्वाल्हेर तेव्हा एसपींकडेच राहिलं. पद्धत कुठलीही असो, आमच्या गल्लीत बीटचा आरक्षक, म्हणजे शिपाई, कोण, हे भिंतीवर रंगवलेल्या पाटीवरून कळत नाही, कारण नाव खोडून नाव लिहिता लिहिता पाटीच दिसेनाशी झाली आहे. मागच्या वर्षी शांति समितीच्या बैठकीत मी उठून म्हटलं, आमच्या मार्गावरचा फ्लॅग मार्च या खेपेला राहू द्या, त्याऐवजी बीटच्या माणसाला एकदा संध्याकाळी मंडळात पाठवा, हेल्मेट नको, चहा आमच्याकडे. टीआय हसले. “लिखके दे दो साहब, देखते हैं।” आम्ही लिहून दिलं. फ्लॅग मार्च निघालाच, पण गौरींच्या दिवशी तो आरक्षकही आला. भिंडचा मुलगा, विशीतला. आरतीला मागे उभा राहिला. पुरणपोळी खाताना शेजारच्या काकूंनी विचारलं, बेटा, ते काळं जाकीट गरम होत नाही? म्हणाला, “आंटी, जून में पहनके देखो, खुद पे गुस्सा आता है, फिर पब्लिक पे आता है।” नंतर पोरांबरोबर सगळा मार्ग चालत फिरला, लोंबणारी तार बघितली, दारू पिऊन नाचणाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या बापाशी बोलून आला. विसर्जनाच्या आत तार वर बांधली गेली.

यंदा जिंसी नाल्याच्या मंडळानेही तोच आरक्षक मागितला आहे. ठाण्यातून कळलं की त्याची ड्यूटी सध्या बाहेरच्या बंदोबस्तात लागली आहे आणि बीटवर दुसरा माणूस अजून दिलेला नाही. मंगळवारी बैठक आहे. अर्ज पुन्हा लिहून ठेवलाय, या खेपेस त्यावर पाच मंडळांच्या सह्या आहेत आणि एक ताजियावाल्यांची.